कासवगाडीच्या गरम पेट्या

ज्या गाडीत तुम्ही कालपरवा जन्मलेलं बाळ मांडीवर घेऊन बसता, तिच्यातली ऊब कुठून येते, हे तुम्ही कधी विचारलंय का? बाहेर पौषातली सकाळ, काचा बंद, आणि पायाशी मऊ गरम वारा. तो वारा कशाला शिवून आला, वाटेत त्यात काय मिसळलं? मीही विचारलं नसतं. आमच्या सिरसाळ्यात उन्हापासून वाचायच्या हजार युक्त्या. थंडीसाठी मात्र गोधडी आणि शेकोटी, बस्स. गाडीला हीटर असतो हे मला बारावीनंतर कळलं. आणि त्याच हिवाळ्यात हेही कळलं, की ऊब आणि विष एकाच नळीच्या दोन बाजूंनी वाहू शकतात आणि दोघांच्या मधे असतो फक्त एक पत्रा. त्या पत्र्याची ही हकीकत आहे.

आठवणी लिहायचं माझं वय नाही, असं आप्पा म्हणतात. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या मते माणसानं सत्तरीनंतर मागं वळून बघावं, तोवर पुढं बघून भांडावं. मी अजून पस्तिशीचीही नाही. पण ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांतली दोन माणसं आता या जगात नाहीत, आणि उरलेल्यांचे आभार मानायला मी म्हातारी होईपर्यंत थांबणार नाही. शिवाय भांडण मी सोडलेलं नाही. शेवटी त्यावरच येणार आहे.

आमचं घर म्हणजे पुढं छापखाना आणि मागं चूल. छापखान्यात पायानं चालवायचं एक जुनं मशीन होतं. त्याची खटक-धप्प, खटक-धप्प ऐकतच मी झोपायची आणि ऐकतच उठायची. ते थांबलं की दचकून जाग यायची. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर आप्पा चालायचे. मुकादमाच्या जाचाविरुद्ध, रेशनच्या काळ्याबाजाराविरुद्ध, मुलींची शाळा सातवीत सोडवणाऱ्या बापांविरुद्ध त्यांनी पत्रकं काढली. पत्रिकांचे चुकलेले कागद ते फेकत नसत. त्यांच्या पाठीवर हुंड्याविरुद्धचं पत्रक छापायचे. एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हुंडा घेणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका’. वाचायला मी शाळेत नाही, तिथं शिकले, आणि तेही छपाईच्या उलट्या खिळ्यांवरून. जेवतानाही भाकरीखाली पत्रकच असायचं. आई करडईची भाजी आणि येसराची आमटी वाढायची, आमटी कागदावर ओघळायची आणि मजकूर वर यायचा. मी तो वाचत जेवायची. आई म्हणायची, “क्रांती, अगं घास तोंडात घाल आधी. जुलूम कुठं पळून जात न्हाई.”

होय, नाव क्रांतीच. धाकटा भाऊ झाला असता तर त्याचं काय ठेवलं असतं याची मला काळजी वाटते.

आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, बाबूमामाचं वर्कशॉप होतं. आईचा धाकटा भाऊ. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, पेरणीची यंत्रं, जे लोखंडाचं असेल ते तिथं यायचं. मला वेल्डिंग शिकायचं होतं आणि मामानं नाही म्हटलं. “पोरीच्या डोळ्याला काय झालं तर तुझी माय मला जित्ता ठेवंल का?” म्हणून मी माझं पहिलं पत्रक मामाविरुद्ध काढलं: ‘सिरसाळ्यातील मुलींनो, ठिणगी हाती घ्या’. आप्पांनी एक अक्षर न बदलता छापलं. मामानं ते घेतलं, वाचलं आणि स्वतःच्या हातानं वर्कशॉपच्या दारावर चिकटवलं. मग मला बोलावून म्हणाला, “अक्षर लई भारी हाय गं. ट्रॉल्यांवर नावं काढशील का?”

असं मी रंगाच्या कामाला लागले. बारावीचे मार्क मनासारखे पडले नव्हते आणि परीक्षा पुन्हा द्यायची होती, म्हणून ते वर्ष मोकळंच होतं. मी पत्रा घासायला शिकले, रेड ऑक्साइड मारायला शिकले, ‘आईची कृपा’ आणि ‘बघतोस काय रागानं’ एकाच ब्रशनं लिहायला शिकले. इंजिनाचं काम जब्बारभाई बघायचे. मामाचे जुने जोडीदार, बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. या वर्कशॉपची एक रीत होती. दुरुस्त झालेली कुठलीही गाडी बाहेर निघायच्या आधी मामा तिच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि जब्बारभाई लोबानाची धुपाटी घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारायचे. गिऱ्हाईक कुठल्या का धर्माचं असेना, लिंबू आणि लोबान दोन्ही मिळायचं. मी या अंधश्रद्धेवरही पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही याचा मला आज आनंद आहे.

दिवाळी झाली आणि डॉक्टरबाई कासव घेऊन आल्या. बाई सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गावात दोन खोल्यांचा दवाखाना चालवायच्या. पांढरं सुती लुगडं, पायात पुरुषी बूट, आणि मोजकं बोलणं. कासव म्हणजे त्यांची गाडी. धरणाच्या कामावर आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरानं जाताना त्यांच्या यजमानांना विकलेली, पाठीवर गोल फुगलेली, फिकट निळी मोटार. तिचं इंजिन मागं होतं आणि ते पाण्यावर नाही, वाऱ्यावर थंड व्हायचं. बाई ती शोभेसाठी ठेवत नव्हत्या. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माजलगावकडच्या फडांवर ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. बाया कोप्यांमधे, पाचटाच्या झोपड्यांतच, बाळंत व्हायच्या. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत यायची. तिथून पुढं बैलगाडीच्या वाटेनं कासवच जायचं. कोपीतून उचललेलं अडचणीतलं बाळ अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं, तेही गार पडू न देता, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. कमी दिवसांच्या बाळाला वाटेत थंडी लागली तर दवाखान्याचा काही उपयोग राहत नाही, असं त्या म्हणायच्या. म्हणून त्यांना त्या गाडीचा हीटर हवा होता. अख्ख्या बीड जिल्ह्यात हीटर हवा असलेलं दुसरं माणूस तेव्हा सापडलं नसतं.

गाडी जॅकवर चढवून जब्बारभाई खाली शिरले आणि मला हाक मारली. “बेटी, इधर आ, देख. याच्या पोटात दोन पेट्या हायेत.” इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या, पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. प्रत्येक पेटीच्या आतून सायलेन्सरकडं जाणारी धुराची नळी गेलेली. नळी तापते, तिच्या भोवतीच्या पोकळीतून पंखा स्वच्छ वारा ढकलतो, तो वारा गरम होऊन गाडीत येतो. धूर नळीच्या आतून, वारा नळीच्या बाहेरून. दोघांची भेट व्हायची नाही. आणि त्या पेट्यांची अवस्था अशी, की बोट लावलं की खपल्या गळत होत्या. इतक्या वर्षांचा चिखल, शेण आणि पावसाळे त्यांनी पोटाशी धरून ठेवले होते.

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “रंगाचं काम तुझं ना? मग नीट ऐक. आतल्या नळीला भोक पडलं तर धुरातला एक वायू वाऱ्यात मिसळतो. त्याला रंग नाही, वासही नाही. माणूस खोकत नाही, ठसका लागत नाही. नुसता झोपतो. लहान बाळ तर आधीच झोपलेलं असतं, कुणाला कळणारही नाही.” मी तोवर पुष्कळ शत्रूंविरुद्ध लिहिलं होतं. दिसत नाही, ओरडत नाही, असा शत्रू पहिल्यांदाच भेटत होता.

काम सुरू झालं. आमच्याकडं गंजावर एकच औषध: इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. नांगराच्या फाळाला, दाराच्या बिजागरीला, मोटारीच्या नटाला, इतकंच काय खरूज झालेल्या कुत्र्यालासुद्धा. मामानं रीतीप्रमाणं दोन्ही पेट्या जळक्या ऑइलच्या पिंपात बुडवल्या. गंज सुटला, अडकलेले बोल्ट निघाले. मग मी तारेच्या ब्रशनं घासत बसले, पार बोटांची सालं निघेपर्यंत. वरच्या पत्र्याला जागोजागी भोकं होती; मामानं ती पितळेनं भरली आणि कानस फिरवून सपाट केली. मी गंज मारणारं ॲसिड लावलं, धुतलं, वाळवलं, आणि परळीहून आणलेला चंदेरी रंग मारला. साधा रंग तिथं टिकत नाही, पहिल्याच फेरीत जळतो; हा भट्टीचा रंग होता आणि तो हळूहळू भाजून पक्का करायचा असतो.

भाजायला जागा कुठली? मामानं तेलाच्या रिकाम्या पिंपात लाकडं पेटवली आणि रंगाला फोड आले. आई रस्ता ओलांडून आली, पदर खोचला आणि पिंपात डोकावून म्हणाली, “बाबू, तू भाकरी जाळावर भाजतोस का आरावर? काढ ती लाकडं.” तिनं तळाशी गोवऱ्या रचल्या, त्या पेटून लाल आर झाल्यावर वर राखेचा थर पसरला, आणि रंग खरवडून नव्यानं मारलेल्या पेट्या तारेनं वर टांगायला लावल्या. दुपारभर ती मधून मधून येऊन पिंपाच्या अंगाला पाण्याचा हात लावायची; पाणी कसं चुरचुरतं त्यावरून गोवरी घालायची की राख, ते ठरवायची. संध्याकाळी पेट्या निघाल्या त्या नवरीच्या पैंजणासारख्या. मामा त्यांच्याकडं असा बघत होता जसा मी छापून आलेल्या पत्रकाकडं बघते.

पेट्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, हीटरची मूठ ओढली, आणि आत गरम वारा आला. त्याबरोबर जळक्या ऑइलचा वासही आला. जब्बारभाई लोबान पेटवायला वळले, मामानं लिंबू काढलं, आणि तेवढ्यात डॉक्टरबाई एका जीपमधून उतरल्या. दिंद्रुडच्या रस्त्यावरच्या फडावर पहाटे एक बाई बाळंत झाली होती. दिवस भरायच्या आतच. बाळ जगलं होतं पण बारीक होतं, नीट रडतही नव्हतं. बाईंनी विचारलं, “बाबूराव, गाडी?”

“तयार हाय बाई. वास येतोय, त्यो आपल्या ऑइलचा. पेट्या त्यात भिजल्यात, आत बसलंय थोडं. दोन दिस चालली की जळून जातंय.”

मी गाडीच्या दारात उभी राहिले. “मामा, ऑइलचाच असंल. पण त्याच्याआड दुसरं काय असलं तर कसं कळंल?”

“कसं म्हंजी? नाक हाय न्हवं तुला?”

“त्याला वासच न्हाई म्हणल्यात बाई. तुमी वरचा पत्रा बघितला, भोकं भरली. आतली नळी कुणी बघितली? ती तर दिसतच न्हाई.”

“ए क्रांते, सरक. हितं पत्रक वाचू नको. लेकरू गारठायलंय तिकडं.”

“म्हणूनच म्हणायले. हीटर बंद आणि काचा उघड्या, मगच गाडी हलंल.”

“आन उघड्या काचंत लेकरू थंडीनं गेलं मग? त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? तुझ्या का?”

मामाचा आवाज चढला होता आणि त्याचं बरोबरही होतं. पत्रकात असं कधी होत नाही. तिथं एक बाजू आपली असते आणि दुसरी त्यांची. इथं दोन्ही बाजूंना तेच बाळ होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाबूराव, वास आला नसता तरी मी विचारलं असतं. मुलगी म्हणते ते खरं आहे. थंडी मला दिसते, तिच्याशी मला काहीतरी करता येतं. दुसरं मला दिसणार नाही. हीटर बंद करा, काचा खाली करा.”

तोवर आई रस्त्यापलीकडून सगळं ऐकत होती. ती आली आणि कालच्या पिंपातल्या राखेत हात घालून बघितला. “आर हाय अजून,” म्हणाली. तिनं दोन विटा राखेत पुरल्या, आणि घरातून जाड गोधड्या, आप्पांचं मफलर, तिची स्वतःची शाल आणली. तापलेल्या विटा पोत्यात, पोतं गोधडीत. बाईंनी हात लावून बघितला आणि बजावलं, “आईच्या कुशीबाहेर ठेवायच्या. बाळाला लागता कामा नयेत.” मग मला म्हणाल्या, “बस मागं. अडवलंस ना, आता चल.”

ती वाट मी विसरणार नाही. कोपी उसाच्या पाचटाची, त्यातून बाहेर आलेली बाई माझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी. तिचं नाव मीरा. बाईंनी बाळ तिच्या उघड्या छातीशी बांधलं, वर पदर, वर शाल, वर गोधडी, दोन्ही अंगांना विटांचं ऊबदार गाठोडं, आणि बाळाच्या डोक्याला आप्पांचं मफलर. मीरा गाडीत बसली आणि काचा उघड्या बघून माझ्याकडं वळली. “ताई, काच लावा की. वारं लागतंय.”

“लावता येत न्हाई, मीराबाई.”

“कावून? मोडलीय का?”

माझ्याजवळ तोवर प्रत्येक गोष्टीसाठी शब्द होते. मी तिला सांगायला लागले, की इंजिन मागं आहे, त्याचा धूर, नळी, आणि मधेच थांबले. ती ऐकत नव्हती. ती बाळाचा श्वास मोजत होती. मग मी नुसती तिच्या आणि खिडकीच्या मधे पाठ करून बसले. सगळी वाट वारा माझ्या मानेवर होता. बाई गाडी चालवत होत्या आणि दर थोड्या वेळानं मागं न बघता विचारत होत्या, “पाय गरम आहेत का?” मीरा गोधडीत हात घालून सांगायची, “हायेत.” अंबाजोगाईला पोचेपर्यंत तिघींमधे एवढंच बोलणं झालं. दवाखान्यात बाळ काचेच्या गरम पेटीत गेलं. तिथल्या नर्सनं आधी पाय चाचपले आणि म्हणाली, “गार नाही पडलं. कशात आणलं?” बाई म्हणाल्या, “आईत.”

आम्ही परत आलो तेव्हा मामा गाडीची वाट बघत रस्त्यावरच उभा होता. आधी बाळाचं विचारलं. मग जब्बारभाईंना म्हणाला, “उतरवा पेट्या.” बाईंनी विचारलं, नळी दिसत नाही तर तपासणार कशी? जब्बारभाई धुपाटी हातात घेऊन उभेच होते, सकाळची लोबानाची फेरी राहून गेली होती. ते म्हणाले, “धुवां छोडके देख लेंगे ना. आतून सोडू. बाहेर आला, तो समझो गडबड.”

पेट्या जमिनीवर मांडल्या. नळीचं एक तोंड चिंध्या कोंबून बंद केलं, दुसऱ्या तोंडाशी लोबानाची धुपाटी, आणि तिच्यामागं भट्टीचा हातपंखा. मी पंखा फिरवला. डाव्या पेटीतून काहीच आलं नाही. धूर आत गेला आणि उलटा आमच्याच तोंडावर आला. जब्बारभाई खोकत हसले. मग उजवी. मी पंखा फिरवला, आणि पेटीच्या वाऱ्याच्या तोंडातून, जिथून गाडीत ऊब जायची तिथून, धुराची एक बारीक पांढरी दोरी निघाली. ती सरळ वर गेली आणि छताखाली पसरली. सगळ्या वर्कशॉपात दर्ग्यासारखा वास सुटला. मामा खाली बसला, त्या धुरापाशी हात नेला, मागं घेतला, आणि परत नेला.

“काचा उघड्या ठेवल्या, बरं केलं बाई,” तो म्हणाला.

त्या क्षणी मला माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या दोरीकडं बघताना मला फक्त आप्पांच्या मफलरातलं ते डोकं दिसत होतं. मी म्हणाले, “मामा, ह्या पेट्या कायमच्या बंदच करून टाकू. दोन्ही तोंडांना पत्रा जोडा. नकोच हीटर.”

मामानं मान वर केली. “बंद करायचं लई सोपं हाय पोरी. मग पुढच्या लेकराला काय सांगू, काचा उघड्या हायेत, जरा दम धर म्हणून? दुरुस्त करू. हे आपलं काम हाय.” मी विरोध करायला शिकले ते आप्पांकडून. विरोध करून झाल्यावर त्याच जागी बसून दुरुस्त करायचं असतं, हे मात्र मला मामानं शिकवलं. त्या वाक्यासाठी मी त्याला जन्मभर मानत आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं उजवी पेटी कापून उघडली. नळीचा पत्रा एका जागी कागदासारखा झाला होता आणि जोडाजवळ सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तिथं पितळ भरून भागलं असतं, पण मामानं अख्खी नळीच बदलायची ठरवली. जाड नळी आणली, मापानं वाकवली, आणि जोड घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं वेल्डिंगची काळी काच माझ्या हातात दिली. “डोळे झाक आधी. मग हात धर माझा.” दारावरचं पत्रक ऊन-पावसानं पिवळं पडलं होतं, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी धरलेला तो पहिला जोड वेडावाकडा आला. मामानं तो घासून टाकला आणि पुन्हा धरायला लावलं.

यावेळी जळक्या ऑइलच्या पिंपाला हात लावला नाही. पेट्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतल्या. “वास आला तर त्यो आपलाच हाय म्हणायला जागा नगं,” मामा म्हणाला. मग ॲसिड, रंग, आईचा आर आणि आईची राख. आणि बसवायच्या आधी दोन्ही पेट्यांत लोबान. एकीतूनही दोरी निघाली नाही. जब्बारभाईंनी उरलेला लोबान गाडीभोवती फिरवला, मामानं लिंबू ठेवलं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा गाडीला हात जोडले. आजही लोक मला विचारतात की तू विवेकवादी, मग वर्कशॉपातल्या लोबानाबद्दल का लिहीत नाहीस. लिहिलं, बघा.

मीराचं बाळ दवाखान्यातून सुटलं तेव्हा थंडी ऐन भरात होती. त्यांना आणायला बाईंबरोबर मी गेले. मीरा गाडीत बसली, मी काचा वर केल्या, मूठ ओढली, आणि पायाशी ऊब आली. कशाचाही वास नसलेली, सोज्ज्वळ ऊब. मीरा म्हणाली, “आज बऱ्या लावल्या काचा. त्या दिशी माझ्यावर राग होता व्हय?” आणि आम्ही तिघी हसलो, बाईसुद्धा. बाळानं वाटेत गोधडीतून एक मूठ बाहेर काढली आणि उघडून तशीच ठेवली. मी आजवर जे काही काम केलं आहे, त्यात मला एवढं पुरेपूर मिळालेलं दुसरं आठवत नाही.

पण कोपीशी उतरलो आणि बाई दारातच थांबल्या. बाळंतीण येणार म्हणून मीराच्या सासूनं मायेनं तयारी केली होती. कोपीचं तोंड पोत्यांनी पक्कं बंद केलेलं, फटींत पाचट कोंबलेलं, आणि आत शेकायला कोळशाचं घमेलं. निखारे लालबुंद, धुराचा टिपूस नाही. म्हातारी अभिमानानं म्हणाली, “बघा बाई, जरा म्हणून धूर न्हाई. मघाधरनं फुलवलेत.” बाईंनी पदरानं घमेल्याची कड धरली आणि ते बाहेर उचलून आणलं. मग पोती वर केली. म्हातारीला वाटलं, बाई रागावल्या. तिची समजूत घालता घालता दुपार झाली. तोवर मला कळलं होतं, की आम्ही गाडीतून जे महिनाभर हुसकत होतो तेच इथं घमेल्यात भरून ठेवलं होतं. तोच वायू, तशीच बंद जागा, तेच बाळ.

परतताना बाई म्हणाल्या, “तू पत्रकं लिहितेस ना? यावर लिही.” मी रात्रीत लिहिलं. व्यवस्था, कारखानदार, मुकादम, सगळ्यांना त्यात ओढलं. त्यातलं काही खोटं नव्हतं आणि आजही मी त्यातलं एक वाक्य मागं घेणार नाही. बाईंनी वाचलं, पेन घेतलं, आणि जवळजवळ सगळं खोडलं. “हे सगळं दुसऱ्या कागदावर छाप, मी सही करते. या कागदावर दोषी कोण ते लिहू नको. काय उचलून बाहेर ठेवायचं, ते लिही. वाचणारीच्या मांडीवर बाळ आहे.” आप्पांनी उरलेल्या चार ओळी सगळ्यात मोठ्या खिळ्यांत जुळवल्या. मी लिहिलेलं तेच एक पत्रक लोकांनी भाकरीखाली न घालता भिंतीला लावलं.

बाई गेल्या, जब्बारभाई गेले. मामा आता नीट बघू शकत नाही, तरी जोड बोटानं चाचपून मला सांगतो कुठं चुकलाय. त्यांचे उपकार फेडायची मला एकच रीत माहीत आहे, म्हणून त्या चार ओळींतलं सांगणं इथं तुमच्यापुढं ठेवते. तुमच्या घरात, गल्लीत, शेजारच्या तांड्यावर या थंडीत कुणी बाळंतीण असेल. आज तिच्याकडं जा. खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेलं पेटतं असेल, तर धूर नाही म्हणून फसू नका. ते बाहेर उचलून ठेवा आणि खिडकी उघडा. बाळाला आईच्या अंगाशी धरा, वरून गोधडी घाला. सासूबाई रागावतील, त्यांच्याशी बसून बोला, दुपार झाली तरी चालेल. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता उठा.